गोठा आणि खजुरीचं झाड



मी दिंडोशीला राहतो. गोरेगाव आणि मालाडच्या मधे, हायवेच्या पूर्वेला, डोंगराच्या कडेनं वसलेली ही वस्ती. आता इथं मेट्रो थांबते, त्यामुळे नाव तरी लोकांच्या कानावर गेलं आहे. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं आहेत. एक आमचं, दुसरं एका ईस्ट इंडियन कुटुंबाचं. ईस्ट इंडियन हे नाव या समाजानं १८८७ साली घेतलं. पण माणसं मूळची इथलीच, या साष्टी बेटावरची, घरात मराठी बोलणारी, धर्मानं कॅथॉलिक. त्या घरातल्या बाईंना मी लहानपणापासून मावशी म्हणतो.

डिसेंबर आला की मावशी दारात नाताळचा गोठा मांडतात. वाळलेलं गवत, मातीची गाय, मेंढरं, मारिया, जोसेफ आणि मधे बाळ येशू. माझी अम्मा दरवर्षी तो गोठा बघायला जाते आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारते, "यात खजुरीचं झाड कुठाय?"

अम्माचं चुकत नाही. कुराणात मरियमच्या बाळंतपणाचं वर्णन आहे. वेणा सुरू झाल्यावर ती खजुरीच्या बुंध्याशी येते. झाड हलव, ताजी खजूर पडेल, असं तिला सांगितलं जातं. पायाशी पाण्याचा झरा असतो. तिथं गोठा नाही आणि जोसेफही नाही. मावशी म्हणतात, "आमच्या मारियेबरोबर तिचा घरवाला होता. तुमची एकटीच?" अम्मा म्हणते, "एकटीच. म्हणून तर अल्लानं झाड दिलं."

हा वाद कित्येक वर्षं चालला आहे. त्यात कधी कोणी रागावलं नाही. सप्टेंबरात या दोघी मिळून वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला जातात. मावशी गुडघ्याच्या दुखण्यासाठी मेणाचा गुडघा विकत घेऊन माउलीपुढे ठेवतात. अम्मा बाकावर बसून राहते. येताना चणे आणि खाजं घेऊन येतात.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतण्यानं अम्माला सांगितलं, "दादी, तिथं जाणं आपल्यात बसत नाही." तो वाईट मुलगा नाही. नमाजी आहे, कष्टाळू आहे. त्याच सुमाराला मावशींच्या नात्यातल्या कोणीतरी त्यांना विचारलं, "ती बाई तुझ्याबरोबर देवळात कशाला येते?" दोन्ही घरांत एकाच आठवड्यात गप्पपणा आला. अम्मानं मला बोलावलं आणि म्हणाली, "तू बी.ए. झालास, कविता करतोस. सांग, आमचं आणि त्यांचं नातं काय?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी वाचायला लागलो. आज तुमच्यापुढे मांडतोय तो त्या वाचनाचा हिशेब आहे.

सुरुवात आपल्याच जमिनीपासून करू. दिंडोशी ज्या साष्टी बेटावर आहे, ते १५३४ पर्यंत गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होतं. सुलतान बहादूरशहावर दिल्लीच्या हुमायूनचं संकट आलं होतं. मदतीच्या आशेनं त्यानं २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना दिला. मुंबईची बेटं आणि साष्टी त्यातच गेली. म्हणजे एका मुसलमान सुलतानानं दुसऱ्या मुसलमान बादशहाच्या भीतीनं हा मुलूख कॅथॉलिक राजाच्या स्वाधीन केला. पुढे तीनच वर्षांत, १५३७ साली, दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा मारला गेला. धर्माची बाजू आणि राज्याची बाजू इथं पहिल्या दिवसापासून वेगळी होती.

वसईच्या तहात एक अट होती. गुजरातहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी पोर्तुगिजांचा परवाना घ्यायचा. या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. तो नसेल तर जहाज जप्त. तांबड्या समुद्राकडे कोण जात होतं? व्यापारी जात होते आणि मक्केला निघालेले हाजीही जात होते. या परवान्यांवर मरियम आणि ईसा यांची चित्रं असत. अकबराच्या काळातला इतिहासकार बदायुनी यानं नोंदवलं आहे की, मखदूम-उल-मुल्क या दरबारी मौलवीनं त्यावरून फतवाच दिला. जमिनीच्या वाटेवर शिया इराण आणि समुद्राच्या वाटेवर चित्रांचा परवाना, तेव्हा हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर हज बंधनकारक नाही, असं त्याचं म्हणणं.

जरा विचार करा. मरियम हे नाव दोघांनाही पूज्य. कुराणात नावानं उल्लेख आलेली ती एकमेव स्त्री. एकोणिसावी सूरा तिच्याच नावाची. पण समुद्रावर तेच नाव जकातीच्या कागदावर आलं आणि हाजींच्या वाटेतला अडसर झालं.

त्याच काळात दुसरीकडे वेगळं काही घडत होतं. अकबरानं गोव्याच्या पाद्र्यांना बोलावणं धाडलं. रोडॉल्फो आक्वाविवा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस हेन्रिकेस हे तिघे जेझुइट १५७९च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले आणि १५८०च्या सुरुवातीला फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांनी बादशहाला अनेक भाषांतलं छापील बायबल भेट दिलं. त्यानं ते आदरानं डोक्याला लावलं. मग मौलवी आणि पाद्री यांचे वाद झडू लागले. ईसा देवाचा पुत्र की पैगंबर? देव एक की तीन रूपांत एक? पाद्र्यांना वाटत होतं, बादशहा ख्रिस्ती होईल. बादशहाला फक्त ऐकायचं होतं. तो ख्रिस्ती झाला नाही आणि पाद्री निराश होऊन परतले.

ही भेट फसली असं पुस्तकं सांगतात. मला तसं वाटत नाही. कारण त्यातूनच पुढे आलेल्या पाद्र्यांपैकी जेरोम झेवियर यांनी १६०२ साली येशूचं चरित्र फारसीत पुरं केलं, 'मिरात-उल-कुद्स' या नावानं. त्यांना फारसीसाठी मदत केली ती अब्दुस सत्तार या लाहोरच्या मुसलमान पंडितानं. त्यानं स्वतः लॅटिनचा अभ्यास केला होता. बादशहा ख्रिस्ती झाला नाही, पाद्री मुसलमान झाला नाही, पण दोघांना एकमेकांची भाषा आली. पुढे १६१६ साली गोव्यात राशोलला फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, सुमारे ११ हजार मराठी ओव्यांचं. इकडे श्रीगोंद्याचे शेख महंमद त्याच शतकात मराठीतच 'योगसंग्राम' रचत होते. एक इंग्रज कॅथॉलिक आणि एक दख्खनी मुसलमान, दोघांनीही ओवी आपली मानली. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून मला या शेजाराचा अभिमान वाटतो.

पण इतिहास इथंच थांबला असता तर अम्माला उत्तर देणं सोपं होतं.

१६१३ साली पोर्तुगिजांनी सुरतेजवळ 'रहीमी' नावाचं मोठं जहाज पकडून गोव्याला नेलं. हाजींची ने-आण करणारं हे जहाज. त्याच्याकडे परवाना होता, तरीही पकडलं. त्याची मालकीण होती जहांगीर बादशहाची आई, आमेरची राजपूत राजकन्या. तिची पदवी होती मरियम-उज-जमानी, म्हणजे आपल्या काळाची मरियम. जन्मानं हिंदू, नावानं मरियम, जहाज हाजींचं आणि पकडणारे मारियेचे भक्त! जहांगीर संतापला. त्यानं पोर्तुगिजांचा व्यापार रोखला, दमणला वेढा घातला आणि जेझुइटांची चर्चं बंद केली. समेट व्हायला १६१५ साल उजाडलं. जहाज कोणी पकडलं आणि कुलूप कुठं लागलं, हे लक्षात घ्या. दर्यावर्द्यांच्या लोभाची शिक्षा आग्र्यातल्या प्रार्थनेला झाली.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. १६५० साली ओमानच्या अरबांनी मस्कतमधून पोर्तुगिजांना हाकललं आणि मग त्यांचा पाठलाग करत ते आपल्या किनाऱ्यापर्यंत आले. १६९४ साली त्यांनी साष्टीवर उतरून गावं आणि चर्चं जाळली, माणसं गुलाम करून नेली. त्यात मेले आणि धरले गेले ते इथले शेतकरी आणि कोळी, म्हणजे मावशींचे पूर्वज. १७०० साली अरब लुटारू वांद्र्याच्या टेकडीवर आले. मोत माउलीच्या हातातली सोनेरी वस्तू त्यांना सोन्याची वाटली. त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला. आज त्या हातावर बाळ येशूची मूर्ती बसवलेली आहे, त्यामुळे मोडलेलं दिसत नाही.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. हात तोडणारेही नमाजात सूरा मरियम म्हणणारेच असणार. अम्माला हे सांगायचं कसं?

मित्रहो, अशा वेळी आपण एक सोपं वाक्य बोलून मोकळे होतो. धर्म चांगलेच असतात, राजकारण वाईट असतं, हे ते वाक्य. ते पुरतं खरं नाही. १५६० साली गोव्यात सुरू झालेल्या धर्मन्यायालयाचा जाच धर्माच्याच नावानं झाला. जहाज पकडायला धर्म लागत नाही, पण पकडणाऱ्याला झोप लागावी म्हणून तो उपयोगी पडतो. हे दोन्हीकडे झालं. आणि मतभेद तर खरेच आहेत. कॅथॉलिकांसाठी येशू देवाचा पुत्र आहे, तो क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला. आमच्यासाठी ईसा थोर पैगंबर आहेत, कुमारी मरियमचे पुत्र आहेत, पण देव नाहीत, आणि त्यांना क्रुसावर मारलं गेलं नाही असं कुराण सांगतं. यातलं एक खरं मानलं तर दुसरं मानता येत नाही. गोड बोलून ही दरी बुजत नाही.

मग उरतं काय? उरतं ते १९६५ साली रोमनं मोठ्या मेहनतीनं शब्दांत मांडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४च्या डिसेंबरात, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. इथं ते इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले. त्यानंतर वर्षाच्या आत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांविषयीची घोषणा केली. 'नोस्त्रा एताते' हे तिचं नाव. मुसलमानांबद्दल चर्चला आदर आहे, असं त्यात म्हटलं. मुसलमान येशूला देव मानत नाहीत, हे न लपवता लिहिलं, आणि ते मारियेचा मान राखतात, हेही लिहिलं. जुनी भांडणं मागे टाकावीत असं आवाहन केलं. पुढे लेबनॉननं २०१० साली २५ मार्च हा मरियमला देवदूताचा निरोप मिळाल्याचा दिवस मुसलमान आणि ख्रिस्ती या दोघांचा मिळून राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला. २०१९च्या फेब्रुवारीत अबुधाबीला पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यिब यांनी मानवी बंधुतेच्या निवेदनावर सह्या केल्या.

तुर्कस्तानातल्या कितीतरी मशिदींत, इमाम जिथं उभा राहतो त्या मिहराबीवर एक आयत कोरलेली असते. ती मरियमच्याच गोष्टीतली आहे. जकरिया तिला भेटायला तिच्या मिहराबीत जातात, तो प्रसंग. आपल्याकडे माहीमला मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे हे विद्वान. तिथून थोड्याच अंतरावर सेंट मायकेलचं चर्च आहे. बुधवारी नोव्हेनाच्या गर्दीत तिथं किती धर्मांची माणसं उभी असतात, हे बसमधूनसुद्धा दिसतं.

हे सगळं मी अम्माला सांगितलं. परवान्यावरचं चित्र सांगितलं, राजमातेचं जहाज सांगितलं, मोडलेला हातही सांगितला. समोर पुतण्या बसला होता. मावशींनाही बोलावलं होतं. हाताची गोष्ट मावशींना माहीत होती. त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडं ती लहानपणीच सांगतात." इतकी वर्षं त्यांनी ती अम्मापुढे काढली नव्हती.

अम्मा बराच वेळ बोलली नाही. मग पुतण्याला म्हणाली, "मी माउलीकडं काही मागत नाही रे. मागायचं ते मी अल्लाकडंच मागते. मी हिच्याबरोबर जाते. हिला पायऱ्या चढवत नाहीत."

पुतण्याचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पटलं नाही ते त्यानं सांगितलं, अम्मानं ऐकून घेतलं. पण त्या सप्टेंबरात या दोघींना रिक्षात बसवून द्यायला तोच खाली उतरला. फत्तेपूर सिक्रीला पाद्री आणि मौलवी एकमेकांना जिंकायला बसले होते. या दोघींना जिंकायचं नव्हतं, म्हणून त्यांचं बोलणं टिकलं असावं.

गेल्या डिसेंबरात मावशींनी पुन्हा गोठा मांडला. अम्मा गेली, वाकून बघितलं आणि विचारलं, "झाड कुठाय?" मावशी म्हणाल्या, "गोठ्यात कुठं झाड असतं काय, बाय?"

वाद अजून मिटलेला नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)