शाहीर आणि त्याचा श्रोता

कविता लिहून ठेवली तर वाचक मिळेपर्यंत ती शंभर वर्षेंहि वाट पाहूं शकते. लावणीला ही सवलत नाहीं. डफावर थाप पडली, तुणतुण्याची तार बोलूं लागली, कीं समोर बसलेल्या मंडळींनीं तेथल्या तेथें आपला कौल द्यावयाचा आणि शाहिरानें तो तेथल्या तेथें ऐकावयाचा, अशी त्या कलेची रीत. शाहिरी वाङ्मयाचा विचार करतांना रचना कोणाची, चाल कोणती, आश्रयदाता कोण, याची चर्चा पुष्कळ होते. ती रचना ज्यांच्यासमोर उभी राहिली त्या श्रोत्यांचा तिच्या घडणींत वाटा किती, हा प्रश्न मात्र मागें राहतो. त्याचें उत्तर शोधूं गेल्यास सोलापूरच्या रामजोशांइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

सोलापूर हें मुळांतच अनेक भाषांच्या शिवेवरचें गांव. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नांवानें तेथील तळें आणि मंदिर ओळखलें जातें, त्या बाराव्या शतकांतल्या सत्पुरुषाचीं वचनें कानडींत आहेत. मराठी, कानडी, तेलुगु आणि दखनी या साऱ्या बोली ज्या बाजारांत ऐकूं येत, त्या गांवांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रामजोशी वाढले. घराणें वैदिक ब्राह्मणाचें; वडील बंधु मुद्गल हे पुराण सांगणारे. घरांत पोथी, आणि गांवांत धोंडी शाहिराचा फड. मुलाचें चित्त फडाकडे धांवूं लागलें. घरच्यांचा रोष अनावर झाला, आणि बंधूंनीं त्यांना घराबाहेर काढलें, असें चरित्रकार सांगतात. तेथून ते पंढरपुरास गेले, संस्कृताचें अध्ययन केलें आणि व्युत्पन्न होऊन परतले. पुराण सांगण्याची व कीर्तन करण्याची पात्रता अंगीं आली. परंतु फडाची ओढ कांहीं सुटली नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. रामजोशांना दोन शाळा लाभल्या. पंढरपूरच्या शाळेंत गुरु एक आणि शिष्य अनेक. फडाच्या शाळेंत शिष्य एक आणि गुरु शेंकडों. पहिल्या शाळेंत चूक झाली तर गुरु ती दाखवून देतो. दुसऱ्या शाळेंतले गुरु चूक सांगत नाहींत. ते नुसते उठून जातात. ते कां उठले, हें ज्याचें त्यानें शोधून काढावयाचें.

फडाची रचनाच अशी कीं, शाहिराला हा शोध घेण्यास अवसर मिळावा. शाहीर कडवें म्हणतो आणि थांबतो. मागें उभे असलेले झीलकरी ध्रुवपद उचलून घोळवूं लागतात. तेवढ्या वेळांत शाहीर दम घेतो हें तर खरेंच, पण तेवढ्याच वेळांत तो समोरच्या चेहऱ्यांवरून नजरहि फिरवितो. कोणता शब्द पोंचला, कोणता डोक्यावरून गेला, कोठें मान डोलली, कोठें शेजाऱ्याशीं कुजबुज सुरू झाली, हें सारें त्याला दिसतें, आणि पुढचें कडवें त्या हिशेबानें उभें राहतें. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या सामन्यांत तर श्रोता उघडपणें न्यायासनावर बसतो. एका फडानें भेदिक लावणींत कूट घालावें, दुसऱ्यानें तें गाऊनच सोडवावें, आणि कोण जिंकलें तें मैदानानें ठरवावें. गांवोगांवच्या श्रोत्यांच्या अशा कौलांतून उतरलेली लावणी पहिल्या रात्रीं होती तशीच शेवटपर्यंत राहिली असेल, असें मानणें कठीण आहे.

रामजोशांच्या रचनेंत या घासणीच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्यांच्या लावणींत संस्कृत समास आणि बाजारांतली बोली शेजारीं शेजारीं नांदतात. अनुप्रास आणि यमक यांची त्यांना जी हौस, तिच्यांत पंडिताची मिरवणूक आहेच. परंतु अर्थ पुरता न कळणाऱ्या श्रोत्यालाहि नादानें धरून ठेवण्याची सोयहि तिच्यांतच आहे. मराठीखेरीज अन्य भाषांतहि त्यांनीं लावणीची रचना केली. ज्या शाहिराच्या गांवींच चार भाषांचे कान जमतात, त्याला हें सुचावें यांत नवल नाहीं.

परंतु श्रोत्याचें ऐकणें आणि श्रोत्याच्या स्वाधीन होणें यांत मोठें अंतर आहे. दौलतजादा करणाऱ्याचा हात ज्या ओळीला सैल सुटतो, ती ओळ पुन्हां म्हणावीशी वाटते; मग तसलीच दुसरी रचावीशी वाटते; आणि हळूहळू शाहिराची वाणी एकाच विषयाभोंवतीं फिरूं लागते. अशा वेळीं प्रश्न उरतो तो एवढाच कीं, शंभरांच्या आरोळीला मान द्यावयाचा कीं एखाद्याच्या मौनाला. आख्यायिका अशी आहे कीं, बारामतीस मोरोपंतांनीं रामजोशांची लावणी ऐकली, त्या वाणीचें सामर्थ्य ओळखलें, आणि ती कीर्तनाकडे वळावी असें सुचविलें. संगमनेरच्या अनंत फंदीविषयींहि अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशानें ते कीर्तनाकडे वळले, अशी कथा सांगतात. या कथांतला अक्षर न् अक्षर खरा असो वा नसो, त्यांचा अभिप्राय सारखाच आहे. सगळ्यांची वाहवा शाहिराला आहे तेथें स्थिर करते. एका जाणत्याचा शब्द त्याला पुढें नेतो.

आणि यांत लाभ एकट्या शाहिराचाच झाला असें नाहीं. मोरोपंतांची आर्या ही विद्वानांच्या ओसरीवर वाढलेली. तिची घडण चिरेबंदी, पण अनोळखी माणसाला तिच्यांत शिरण्यास दार सांपडणें कठीण. तीच आर्या रामजोशांनीं कीर्तनांतून गायिली आणि लोकांच्या तोंडीं घातली. कोठें थांबावें, कोणता शब्द उलगडावा, कोठें डफाची थाप पडावी, हें त्यांना फडानें शिकविलें होतें. घरांतून ज्या फडापायीं हांकलून दिलें गेलें, त्याच फडाची विद्या अखेर पंडितांच्या काव्याच्या कामीं आली.

पुढें लावणीची जागा नगरांतून संगीत नाटकानें घेतली, तरी श्रोत्याचा हा अधिकार संपला नाहीं. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तें पहिल्या चार अंकांपुरतेंच. नव्या तऱ्हेचें हें नाटक लोकांनीं उचलून धरलें, आणि सातहि अंकांचा संपूर्ण प्रयोग १८८१ सालीं झाला. ‘सौभद्र’हि १८८२ सालीं प्रथम तीन अंकांचेंच लोकांपुढें आलें. अर्धें काम लोकांसमोर मांडण्यास धैर्य लागतें. तें किर्लोस्करांपाशीं होतें. परंतु त्याच रंगभूमीवर पुढें ‘वन्स मोअर’चा सुकाळ झाला. एकेक पद तीन-तीन, चार-चार वेळां होऊं लागलें, नाटक पहाटेपर्यंत लांबलें, आणि कथानक मात्र बिचारें विंगेंत तिष्ठत राहिलें. श्रोत्याच्या प्रेमानें कलाकृति घडते, तशी तिची मोडतोडहि होऊं शकते, हें त्या काळानें दाखवून दिलें.

बोलपट आला आणि अडचण निराळी झाली. १९४७ सालीं राजकमल कलामंदिरानें ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट काढला. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांचें दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांचें लेखन, वसंत देसाई यांचें संगीत, आणि जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्या भूमिका, असा तो योग होता. तो लोकांना अतिशय आवडला आणि तमाशाप्रधान मराठी बोलपटांची वाट त्यानें मोकळी केली. परंतु पडद्यावरच्या शाहिराला प्रेक्षागृहांतली वाहवा ऐकूं येत नाहीं. त्याचें पुढचें कडवें आधींच चित्रित होऊन बसलेलें असतें. म्हणून बोलपट करणाऱ्याला श्रोत्याची गांठ आधींच घ्यावी लागते. अमेरिकेंत यासाठीं चित्रपट प्रकाशित होण्यापूर्वीं थोड्या प्रेक्षकांना दाखविण्याची पद्धति पडली. तिचीहि फसगत होऊं शकते. १९३९ सालच्या ‘द विझर्ड ऑफ ओझ’ या चित्रपटांतलें ‘ओव्हर द रेनबो’ हें गीत, गति मंदावते म्हणून, गाळून टाकण्याचें घाटत होतें. कांहीं जणांनीं आग्रह धरल्यामुळें तें राहिलें, आणि त्या वर्षाचें उत्कृष्ट गीताचें अकॅडमी पारितोषिक त्यालाच मिळालें.

आज महाविद्यालयांतले विद्यार्थी एखादें गाणें निवडून त्यावर तीन-चार मिनिटांचें गीतचित्र तयार करतात. त्याला लागणारें यंत्र खिशांतल्या मोबाइलमध्येंच असतें. साधनें बदललीं, पण अडचण रामजोशांचीच आहे. कच्चें चित्र मित्रांना दाखविलें तर ते स्नेहापोटीं ‘छान’ म्हणतात, आणि त्या शब्दांतून शिकण्यासारखें कांहींच हातीं लागत नाहीं. फडाच्या रीतीनें पाहावयाचें तर शब्दांपेक्षां चेहऱ्याकडे लक्ष द्यावें लागेल: कोणत्या क्षणीं नजर पडद्यावरून हलली, कोठें हंसूं नको होतें तेथें हंसूं आलें. श्रोतेहि दोन प्रकारचे बोलवावे लागतील. गाण्यांतलें कांहीं न कळणारा एक, आणि गाण्यावर आयुष्य घालविलेला एक. पहिला कोठें कंटाळा आला तें सांगेल. कां आला, तें बहुधा दुसराच सांगूं शकेल. आणि दोघांचें ऐकून झाल्यावर काय ठेवावयाचें व काय काढावयाचें, हा निर्णय करणाऱ्यालाच घ्यावा लागेल. तो भार कोणताहि श्रोता उचलीत नाहीं.

रामजोशांनीं तो भार उचलला आणि त्याची किंमत घर सोडून मोजली. पुराणिकाच्या घरांतल्यांना त्यांची लावणी नको होती, आणि लावणीच्या श्रोत्यांना पुराण नको होतें. त्या दोघांचेंहि ऐकून त्यांनीं कोणालाच पुरतें सोडलें नाहीं. म्हणूनच त्यांच्या लावणींत पोथीचा शब्द आहे आणि कीर्तनांत डफाचा ठेका.