‘कन्टेन्स’चं ‘इन्क्लूड्स’ कसं झालं?

आजची गोष्ट एका नावाची.

बीटेकनंतरच्या पहिल्या नोकरीत मी जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंग प्रोटोटाइपवर स्वतःची एक मेथड चिकटवली होती. प्रोटोटाइप म्हणजे सगळ्या स्ट्रिंग्जचं सामायिक कपाट. तिथे एक मेथड ठेवली, की ती प्रत्येक स्ट्रिंगला मिळते. मी खूश! पण रिव्ह्यूमध्ये सीनियरने विचारलं, “उद्या ब्राउझरनेच याच नावाची मेथड आणली तर?” मला वाटलं, उगाच घाबरवतोय. पण असं खरंच घडलंय.

१९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने जावास्क्रिप्ट बनवली. स्ट्रिंगमध्ये काही शोधायचं तर ‘इंडेक्सऑफ’ वापरायचं. सापडलं तर जागेचा क्रमांक, नाहीतर उणे १. अगदी सुरुवातीलाच सापडलं तर ०, आणि इफमध्ये ० म्हणजे ‘नाही’! यात भलेभले फसायचे. मग २००५ मध्ये प्रोटोटाइप नावाचीच लायब्ररी आली, पुढच्या वर्षी मूटूल्स आली. दोघींनी त्या सामायिक कपाटात आपापल्या सोयीच्या मेथड्स भरल्या. मूटूल्सची एक होती ‘कन्टेन्स’.

मूटूल्स १.२ चा नियम असा, की ब्राउझरकडे ‘कन्टेन्स’ नसेल तरच आपली घालायची. सभ्यपणाच की! पण तोच नडला. २०१२ मध्ये फायरफॉक्स १७ मध्ये ब्राउझरची स्वतःची ‘कन्टेन्स’ आली आणि मूटूल्सने आपली घातलीच नाही. नाव एकच, पण दुसऱ्या पॅरामीटरचा अर्थ वेगळा. मूटूल्ससाठी तो शब्द वेगळे करणारं चिन्ह, ब्राउझरसाठी शोध कुठून सुरू करायचा ती जागा. समजा, ‘रामदास तुकाराम’मध्ये स्पेस देऊन ‘राम’ शोधलं. मूटूल्स म्हणणार ‘नाही’, कारण ‘राम’ हा सुटा शब्द तिथे नाही. ब्राउझर म्हणणार ‘आहे’. चालू साइट्स मोडल्या.

फायरफॉक्स १७ मध्ये ती मेथड बंद करावी लागली. मूटूल्सने १.२.६ काढली, फायरफॉक्स १८ मध्ये मेथड परतली. पण वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या साइट्स अपडेट कोण करणार? शेवटी २०१४ मध्ये भाषेचे नियम ठरवणाऱ्या टीसी३९ समितीने नावच बदललं. २०१५ च्या आवृत्तीत आली ती ‘इन्क्लूड्स’.

म्हणजे एका लायब्ररीच्या सोयीसाठी सगळ्या जगाला नाव बदलावं लागलं. सामायिक कपाटात ठेवलेली वस्तू फक्त आपली राहत नाही.

माझी मेथड मी काढली आणि साधं फंक्शन लिहिलं. सीनियरला तेव्हा थँक्यू म्हणायचं राहिलं, ते आज म्हणतो. भेटूया पुढच्या भागात!