हजेरीपटावरची यंत्रे

आज युनिक्समधल्या एका डिरेक्टरीचा इतिहास सांगतो. तिचं नाव 'डेव्ह'.

१९६९ पासून बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवलं. टेप, डिस्क, टर्मिनल ही यंत्रंही फाइलसारखीच उघडायची, वाचायची, लिहायची, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे फाइल हाताळणारा प्रोग्राम यंत्रही हाताळू लागला, आणि परवानगीचे नियमही तेच राहिले. या फाइलीत मजकूर नसतो, दोन आकडे असतात. मेजर आकडा ड्रायव्हर कोणता ते सांगतो. मायनर आकडा त्या ड्रायव्हरचं नेमकं यंत्र दाखवतो.

लिनक्समध्ये सुरुवातीला या फाइली 'एमकेनॉड' कमांडने आधीच बनवून ठेवत. यंत्र जोडलेलं असो वा नसो, फाइली हजारो. नॉमिनल रोलवर नाव आहे, पण बराकीत माणूस नाही! २००१ च्या २.४ आवृत्तीत 'डेव्हएफएस' आलं आणि कर्नल स्वतःच फाइली बनवू लागला. (हा कर्नल गणवेशातला नव्हे, सिस्टिमचा गाभा.) पण नावं ठेवण्याचं धोरणही कर्नलमध्येच अडकलं. २००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' आणलं. तेव्हा कर्नल फक्त वर्दी देऊ लागला. नाव कोणतं, परवानगी कुणाला, हे बाहेरचा प्रोग्राम लिहून ठेवलेल्या नियमांनी ठरवू लागला. २००६ मध्ये डेव्हएफएस काढून टाकलं गेलं.

याची किंमत मला निवृत्तीनंतर कळली. आमच्या पलटणीतल्या जुन्या जवानांचे फोटो स्कॅन करून मी एका डिस्कवर ठेवले होते. दुसरी, रिकामी डिस्क फॉरमॅट करायची होती. आदल्या दिवशी ती 'एसडीबी' होती, म्हणून तेच नाव टाइप केलं. मधे मशीन रीबूट झालं होतं आणि नावांची अदलाबदल झाली होती. फोटो गेले. त्यातल्या दोन घरी मूळ फोटो आज उरलेले नाहीत.

'एसडीए', 'एसडीबी' ही नावं यंत्र सापडण्याच्या क्रमाने मिळतात. यूडेव्ह मात्र डिस्कच्या सिरियल नंबरवरून दुसरं, कायमचं नाव तयार ठेवतं. ते माझ्यासमोरच होतं, मी पाहिलं नाही. पोस्टिंग बदलते, आर्मी नंबर बदलत नाही, हे चाकरीभर शिकलेला माणूस मी!

तेव्हा डिस्क पुसण्याआधी तिचा नंबर वाचा. जय हिंद.