जलतरण तलावाचे पाणी : निर्जंतुकीकरण व परीक्षणाचा इतिहास

घरगुती जलतरण तलावासाठी रसायनाची निवड करताना परीक्षणसाहित्य दुय्यम मानले जाते. इतिहास मात्र याउलट निर्वाळा देतो.

१९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरिनचा सातत्याने वापर सुरू केला. पुढे ही पद्धत जलतरण तलावांतही रूढ झाली. १९०९ साली कोपनहेगन येथे सोरेन्सन यांनी पीएच ही मापनश्रेणी मांडली. क्लोरिनचे प्रभावी जंतुनाशक रूप, म्हणजे हायपोक्लोरस आम्ल, पीएच ७.५ च्या सुमारास निम्मे व ८ ला साधारण एक चतुर्थांश उरते. म्हणजेच क्लोरिन पुरेसा असूनही पाणी असुरक्षित असू शकते.

दीर्घकाळ प्रचलित असलेल्या ऑर्थोटोलिडीन चाचणीत पाणी पिवळे होई. परंतु मुक्त व संयुक्त क्लोरिनमधील भेद तीतून नीट उमगत नसे. १९५७ साली पालिन यांनी मांडलेल्या डीपीडी पद्धतीने गुलाबी छटेवरून मुक्त क्लोरिन स्वतंत्रपणे मोजता येऊ लागला. तलावावरील उग्र वास स्वच्छतेची खूण नसून, घाम व मूत्रातील द्रव्यांशी क्लोरिनचा संयोग होऊन बनलेल्या क्लोरामाइनची आहे, हे घरच्या घरी पडताळणे त्यामुळे सुलभ झाले.

रसायनांच्या निवडीसही हेच लागू पडते. ट्रायक्लोरच्या वड्यांतील सायन्युरिक आम्ल क्लोरिनचे उन्हापासून रक्षण करते. मात्र ते पाण्यात साचत जाऊन जंतुनाशनाची गती मंदावते. कॅल्शियम हायपोक्लोराइटने पाण्याचा कठीणपणा वाढतो.

सारांश, कोणतेही रसायन स्वयमेव सुरक्षित नाही. त्याची योग्यता नियमित परीक्षणानेच सिद्ध होते.