डोळ्यातील रंगाचा प्रवास

बेळगावच्या कॅम्पात 1832 साली लष्करी छावणी वसली, तेव्हा या मुलखात मोतीबिंदूवर उपाय म्हणजे फिरत्या वैदूची सुई. गढूळ भिंग सुईने बाजूला ढकलावयाचे आणि दैवावर हवाला ठेवावयाचा. 1894 साली मिरजेस डॉ. वॉन्लेस यांचे रुग्णालय उभे राहिले आणि दूरदूरचे नेत्ररोगी तिकडे जाऊ लागले. पुढे 1963 साली खुद्द बेळगावात वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शस्त्रे बदलली, भिंगे सुधारली. परंतु शल्यवैद्याची एक अडचण दीर्घकाळ टिकून राहिली. डोळ्यातील कित्येक पडदे काचेसारखे पारदर्शक असतात. जे दिसत नाही ते कापावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर कापड रंगविणाऱ्या कारखान्यांतून आले. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग वापरून सशाच्या डोळ्यातील पाण्याचा प्रवाह पाहिला. 1886 साली त्याने मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाने जिवंत मज्जातंतू रंगवून दाखविले. रंगाला मज्जातंतूंची ओढ असू शकते, ही गोष्ट अशा रीतीने प्रथमपासूनच ठाऊक होती.

तथापि तिचे गांभीर्य पटवून दिले ते एर्लिखचा शिष्य एडविन गोल्डमन याने. ट्रिपॅन ब्लू हा रंग त्याने प्राण्यांच्या रक्तात सोडला, तेव्हा सारे शरीर निळे झाले, मेंदू मात्र पांढराच राहिला. 1913 साली त्याने तोच रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि प्राण्यांना आचके येऊन ते दगावले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक कुंपण घातले आहे, असा याचा अर्थ होता. कुंपणाबाहेर जो रंग निरुपद्रवी, तोच आत शिरल्यास घातक ठरू शकतो.

दृष्टिपटल हा मेंदूचाच पुढे आलेला अंश होय, आणि त्याच्या रक्तवाहिन्यांनाही तसेच कुंपण असते. शल्यवैद्य डोळ्याच्या पोकळीत रंग सोडतो, तेव्हा तो या कुंपणाच्या आतच सोडीत असतो.

1999 साली नेदरलंड्समधील मेलेस यांनी पिकून पांढऱ्या झालेल्या मोतीबिंदूची पिशवी ट्रिपॅन ब्लूने रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली. खेड्यापाड्यांत उशिरा उपचारास येणाऱ्या रुग्णांना ती फार उपकारक ठरली. येथे रंग डोळ्याच्या पुढच्या भागात क्षणभर राहतो आणि लगेच धुतला जातो. पुढच्याच वर्षी जपानी वैद्यांनी दृष्टिपटलावरील अतिसूक्ष्म पापुद्रा सोलण्यासाठी इंडोसायनिन ग्रीन हा हिरवा रंग वापरला. हृदयातील रक्तप्रवाह मोजण्यासाठी तो 1957 पासून वापरात होता व रक्तात निर्धोक मानला जाई. पण येथे त्याचा स्पर्श थेट मज्जापेशींशी होता.

लवकरच नवल दिसू लागले. शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने नेत्रमज्जातंतूच्या मुखाशी तो रंग विशिष्ट कॅमेऱ्यात चमकताना आढळे. 2003 साली फ्रेंच संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, डोळ्यात सोडलेला हा रंग मज्जातंतूंच्या धाग्यांतून मेंदूच्या दिशेने सरकतो. प्रत्येक तंतूत पेशीद्रव्याची सतत ये-जा चालू असते, आणि त्या वाहतुकीबरोबर रंगही वाहून जातो. त्याच सुमारास काही रुग्णांच्या नजरेचा कडेचा भाग अंधुक झाल्याची नोंद झाली. इतर वैद्यांना मात्र तसा अपाय दिसला नाही. रंगाची तीव्रता, तो डोळ्यात राहण्याचा अवधी आणि शस्त्रक्रियेच्या दिव्याचा प्रखर प्रकाश, यांवर बरेचसे अवलंबून असावे, असे मत बनले.

या अनुभवातून वैद्यांनी बोध घेतला. रंग पातळ केला, वेळ कमी केली, आणि ब्रिलियंट ब्लू या तुलनेने सौम्य रंगाकडे ते वळले. मूळचा लोकर रंगविण्याचा असलेला हा रंग अमेरिकेत या कामासाठी 2019 साली मान्य झाला. रंगाने शल्यवैद्याला अदृश्य ते दाखविले, हे त्याचे ऋण मोठेच. परंतु रंग केवळ दाखवून थांबत नाही, तो पुढे चालू लागतो. म्हणून नवा रंग हाती घेताना तो किती स्वच्छ दाखवितो एवढेच पाहून भागत नाही. काम झाल्यावर तो कोठे जातो, हेही विचारावे लागते.