२,१४,७४,८३,६४७

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी ही दहा अंकी मूळ संख्या आहे. द्विमान पद्धतीत ती सलग ३१ एकांनी लिहिली जाते. २ च्या घातापेक्षा १ ने लहान असलेल्या मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्यांत हिचा क्रमांक आठवा आहे.

इतिहास : इटालियन गणिती प्येत्रो काताल्दी याने १६०३ मध्ये २३, २९, ३१ व ३७ या घातांकांपासून मूळ संख्या मिळतात, असे म्हटले होते. २३ व ३७ बाबतचे विधान गणिती फर्मा याने आणि २९ बाबतचे गणिती लेओनार्ड ऑयलर याने खोटे ठरविले. ३१ चे मात्र खरे निघाले. मारँ मेर्सेन याच्या अशा घातांकांच्या १६४४ च्या यादीतही ३१ होता. ही संख्या मूळ असल्याची सिद्धता ऑयलर याने १७७२ मध्ये दिली. दृष्टी जवळजवळ गेलेली असताना त्याने हे काम केले.

सिद्धता : एखादी संख्या मूळ आहे का हे पाहण्यासाठी तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. येथे वर्गमूळ सुमारे ४६,३४१ येते. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, असे ऑयलरने दाखविले. त्यामुळे तपासायचे भाजक फारच थोडे राहिले. ल्यूका–लेमर कसोटीने हेच काम अधिक झटपट होते : ४ पासून सुरुवात करून दर खेपेस वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. २९ व्या खेपेस बाकी शून्य उरते.

इतर गुणधर्म : ३१ ही स्वतः मेर्सेन मूळ संख्या असल्याने ही 'दुहेरी मेर्सेन' मूळ संख्याही आहे. अशा चारच संख्या ज्ञात आहेत. हिला २ च्या ३० व्या घाताने गुणल्यास २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते. परिपूर्ण संख्या निरुपयोगी असल्याने याहून मोठी कोणी शोधणार नाही, असे पीटर बार्लो याने १८११ मध्ये लिहिले होते. १८७६ मध्ये एद्वार ल्यूका याने घातांक १२७ ची मूळ संख्या सिद्ध केली आणि तिच्यासोबत कितीतरी मोठी परिपूर्ण संख्या मिळाली.

संगणकातील स्थान : ३२ बिटांपैकी एक चिन्हासाठी राखल्यास उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या होय. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणाऱ्या प्रणालींची मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. पुढच्या सेकंदाला त्यांची गणना ऋण होऊन तारीख डिसेंबर १९०१ दिसू लागेल. ६४ बिटांची जागा वापरल्यास ही अडचण राहत नाही.