वनस्पतिजन्य लाकूड-आसंजके

लाकडाचे पातळ पापुद्रे, ढलप्या, भुसा किंवा तंतू दाबाखाली सांधून फलक करताना वापरावयाच्या आणि वनस्पतींतील प्रथिने, स्टार्च, टॅनीन वा लिग्निन यांपासून बनविलेल्या चिकट पदार्थांस वनस्पतिजन्य लाकूड-आसंजके म्हणतात. त्यांचा इतिहास सलग नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्लायवुडाचा धंदा त्यांच्या आधाराने वाढला. पुढे फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिनांनी त्यांना जवळजवळ हद्दपार केले आणि त्याच फॉर्माल्डिहाइडाच्या भीतीने ती पुन्हा कारखान्यात आली.

महाराष्ट्रातील सुतार जोडकामासाठी जनावरांच्या हाडाकातड्यापासून केलेला सरस वापरीत. वनस्पतिजन्य खळीचा मान कापडाकडे व कागदाकडे होता. चिंचोक्याची खळ घोंगड्यांना देत. सावंतवाडीच्या गंजिफांचे कापडही तिनेच ताठ करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत चिंचोक्यांच्या पिठावर संशोधन झाले आणि सुती व तागाच्या सुताला खळ म्हणून ते प्रचारात आले. अशा खळी लाकडाला चिकटतात, पण पाण्याने फुगून सुटतात.

प्रथिनांचे वर्तन निराळे असते. सोयाबीनमध्ये सुमारे ४०% प्रथिन व २०% तेल असते. तेल काढून उरलेल्या पेंडीचे बारीक पीठ दाहक सोड्याच्या विद्रावात कालविले, की प्रथिनाच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात आणि लाकडाच्या पृष्ठभागाला धरतात. चुना घातल्यास कॅल्शियमाची अल्पविद्राव्य संयुगे बनून पाण्याचा प्रतिकार काहीसा वाढतो. अमेरिकेत ओटिस जॉन्सन यांना १९२३ मध्ये सोयाबीनच्या आसंजकाचे एकस्व मिळाले. सिअ‍ॅटल येथील आयर्व्हिंग लॉक्स यांनी ते धंद्यात आणले आणि पश्चिम किनाऱ्यावरील डग्लस फर प्लायवुडात ते मोठ्या प्रमाणावर खपू लागले. ते स्वस्त होते व थंड दाबातही बसे. मात्र कालविलेले मिश्रण काही तासांतच निकामी होई, टॅनीनयुक्त लाकडावर डाग पडत आणि दमट हवेत सांध्यावर बुरशी धरे. पावसाळी प्रदेशात हा शेवटचा दोष सर्वांत मोठा ठरतो.

भारतातील प्लायवुड उद्योग प्रथम चहाच्या पेट्यांसाठी उभा राहिला. येथे सोयाबीन फारसे पिकत नव्हते. त्यामुळे भुईमुगाच्या पेंडीतील प्रथिनाकडे संशोधकांचे लक्ष गेले.

दरम्यान बेकलंड यांनी १९०९ मध्ये जाहीर केलेल्या फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनाचा आणि त्यानंतरच्या यूरिया-फॉर्माल्डिहाइडाचा काळ सुरू झाला. फिनॉलाचा सांधा उकळत्या पाण्यातही टिके. यूरियाचे रेझीन रंगहीन, स्वस्त व झटपट बसणारे असल्याने घरातील फर्निचरासाठी तेच रूढ झाले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली : उष्णता व ओलावा यांनी त्याचे जलीय विच्छेदन होते आणि फलकातून फॉर्माल्डिहाइड वायू वर्षानुवर्षे झिरपत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये या वायूची गणना मानवी कर्करोगकारकांत केली. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये फलकांतील उत्सर्जनावर कडक मर्यादा घातली.

ऑरेगन राज्य विद्यापीठातील काइचांग ली यांनी समुद्रातील शिंपले खडकाला पाण्याखाली कसे घट्ट धरतात याचा अभ्यास करून सोयाबीनच्या पिठाचे जलरोधक आसंजक घडविले. एका प्लायवुड कंपनीने ते स्वीकारले आणि २००७ मध्ये त्यास अमेरिकेचा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला. त्यात सोयाबीनला जोडीदार म्हणून एक संश्लेषित रेझीन लागते; तेव्हा ते फॉर्माल्डिहाइडमुक्त असले, तरी निव्वळ वनस्पतिजन्य म्हणता येत नाही. याच्या उलट बाभळीच्या जातीच्या झाडांपासून मिळणाऱ्या टॅनिनाची वा काजूच्या टरफलातील तेलाची रेझिने वनस्पतिजन्य असूनही ती घट्ट होण्यासाठी बहुधा फॉर्माल्डिहाइडच घालतात. ‘नैसर्गिक’ या विशेषणावर विसंबणाऱ्याने हा भेद ध्यानी ठेवलेला बरा.

मराठवाड्यात हा कच्चा माल आता दारी आहे. १९९० नंतर लातूर व नांदेड जिल्ह्यांत सोयाबीनचा पेरा झपाट्याने वाढला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या जाती काढल्या आणि लातूर देशातील एक प्रमुख सोयाबीन बाजारपेठ बनले. पेंड मात्र मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात व निर्यातीत जाते. आसंजकासाठी लागणारे पीठ मंद उष्णतेवर काढावे लागते, कारण फार तापलेल्या पेंडीतील प्रथिन विद्राव्य राहत नाही. फलकांसाठी तंतूंचीही वाण नाही. साखर कारखान्यांतील उसाची चिपाडे बहुतेक बाष्पित्रातच जळतात. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथे घड उतरविल्यावर खोड तोडून टाकतात. या खोडात नऊ दशांशांहून अधिक पाणी असल्याने त्याची वाहतूक परवडत नाही, म्हणून तंतू शेताच्या जवळच सोलून वाळवावे लागतात.